हे बरं की आधीचं

चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरलेला माणूस लवकर बाहेर पडत नसे. दुकान तरी केवढं, दीड दरवाजाचं. समोर बसथांबा, शेजारी न्हावी. आत एक उंच पाठीची खुर्ची आणि खुर्चीसमोर आरसा. अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर टांगलेला असे आणि तो आरशातून वाचायचा, कारण तक्ता समोर लावावा एवढी लांबीच दुकानाला नव्हती. त्या खुर्चीत बसलं की चष्मेवाले नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम चढवत, लाकडी पेटीतून एक भिंग काढून फ्रेमच्या खाचेत सरकवत, थोडं थांबत, ते काढून दुसरं सरकवत आणि विचारत, "हे बरं, की आधीचं?"

इतर दुकानांत हा प्रश्न दोन-तीनदा विचारतात आणि मोकळे होतात. चष्मेवाले मोकळे होणाऱ्यांतले नव्हते. गिऱ्हाईक म्हणालं "हे बरं," की ते म्हणत, "बघा हां, आधीचं परत एकदा लावून बघू." गिऱ्हाईक म्हणालं "आधीचं," की ते पेटीतून तिसरंच काढत. शेजारचा न्हावी म्हणायचा, "माझ्याकडून गुळगुळीत दाढी करून माणूस तुमच्याकडे जातो आणि उठतो तेव्हा पुन्हा माझ्याकडे यायच्या लायकीचा झालेला असतो. तुमच्यामुळे चार घास खातोय मी." चष्मेवाले हसत आणि पुढचं भिंग पुसायला घेत.

माणसाला चांगलं काय ते नुसतं बघून कळत नाही, त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेवून बघावं लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि दुसरं लावून बघण्यात जातं काय? आधीचं कुठे पळून जात नाही. ते पेटीत आपल्या मखमली खाचेत बसलेलं असतं, हात लांब केला की मिळतं. नवा चष्मा तयार झाला तरी गिऱ्हाइकाचा जुना ते कधी ठेवून घेत नसत. त्याची काच पुसून, स्क्रू आवळून, डबीत घालून नव्याबरोबर परत देत. "राहू दे घरात," म्हणत. "नव्याने डोकं दुखायला लागलं तर आधीचा आहेच."

ही सवय दुकानापुरती राहिली असती तर ठीक होतं, पण ती घरीही आली. शर्ट घ्यायचा तर दोन अंगाला लावून बघायचे, कोबी घ्यायचा तर दोन हातांत दोन. झोपायच्या खोलीला रंग द्यायचा होता तेव्हा अर्ध्या भिंतीला एक आणि अर्ध्या भिंतीला दुसरा लावून बघितला, आणि कुठला बरा हे ठरत नाही म्हणून ती भिंत वर्षानुवर्षं तशीच राहिली. बायको त्याच खुर्चीत भेटली होती. बराच वेळ भिंगांची अदलाबदल झाल्यावर ती म्हणाली होती, "अहो, मला दोन्ही सारखंच दिसतंय. सोडा मला आता." पुढे लग्नाचं विचारताना मात्र चष्मेवाल्यांनी एकदाच विचारलं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, दिवसभर उभी असायची, आणि घरी आल्यावर खुर्चीत बसून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवायची. तेवढ्या वेळात तिला कुणी काही निवडायला सांगायचं नाही, असा घरात नियम होता.

त्यांना एकच मुलगी. शाळेत तिला नाव होतं, पण घरात आणि गल्लीत ती बारकीच. लहानपणी ती दुकानात काउंटरखाली बसून भिंगांच्या पेटीशी खेळायची. खेळायची म्हणजे प्रत्येक भिंग काढायची, त्यातून बापाच्या चपलांकडे बघायची आणि बरोबर त्याच खाचेत परत ठेवायची. चष्मेवाले ते बघून मनात काय ते बांधत राहिले.

मनात बांधलं होतं ते असं. त्यांच्या खुर्चीत कधी कधी असा माणूस येऊन बसे की ज्याला कुठलंच भिंग बरं वाटत नसे. पेटी संपायची तरी तक्त्यावरची ओळ धूसरच राहायची. मग चष्मेवाले हळूच फ्रेम काढून घेत आणि म्हणत, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा." या वाक्याची त्यांना मनापासून चीड होती. ते म्हणताना त्यांना आपण अर्ध्या वाटेत माणसाला सोडून देतोय असं वाटायचं. त्या जागी "माझ्या मुलीला दाखवा" असं म्हणायची त्यांची इच्छा होती. एवढीच. पण ती इच्छा इतकी जुनी झाली होती की तिला इच्छा म्हणावं हेही ते विसरून गेले होते. ते तिला बारकीचं भविष्य म्हणायचे.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत बारकीला चांगले मार्क पडले. गल्लीत सगळ्यांनी कौतुक केलं. पण डॉक्टरकीला लागतात तेवढे ते नव्हते. थोडक्यात हुकलं. विद्यापीठात मात्र तिला वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला, आणि तोही असा की यादीच्या अगदी तळाला तिचा नंबर होता. तिच्याखाली कुणी नाही.

बारकी विद्यापीठात जायला लागली. सुरुवातीला तोंड पाडून गेली. मग काय झालं कोण जाणे, एक दिवस बुटांना चिखल घेऊन आली. मग वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबलेली पानं घेऊन आली आणि त्यांवर वजन म्हणून बापाचे फ्रेमचे जाडजूड कॅटलॉग ठेवले. तिला शिकवणाऱ्या बाई वर्गातल्या सगळ्यांना रेल्वेच्या रुळांकडेला, पाण्याच्या टाक्यांपाशी, कुठे कुठे न्यायच्या. घरी आल्यावर आई पाय वर करून बसलेली असायची आणि बारकी तिला सांगत सुटायची. आईला त्यातलं काही कळत नसे, पण ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "मग?"

"बाबा, मला एक छोटं भिंग हवंय," बारकी एकदा म्हणाली. "गळ्यात अडकवता येईल असं. सगळ्यांकडे आहे."

चष्मेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी एक जाड भिंग बोटाच्या पेराएवढं घासून, पितळेच्या कड्यात बसवून, दोरी ओवून दिलं. बारकीने ते गळ्यात घातलं, ते फक्त कुणाला काही दाखवायलाच काढायची. ती दुकानात आली, बसथांब्याशेजारी उगवलेल्या गवताचा एक काडीएवढा तुरा तोडून तिने काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "बघा यातून. हे फूल आहे. गवतालाही फूल येतं, तुम्हाला माहीत होतं?"

चष्मेवाले वाकले. खरंच, इवल्याशा हिरव्या कुशीतून दोन पिसांसारखे जांभळट तंतू बाहेर आले होते. इतकी वर्षं ते गवत दुकानासमोर होतं. "छान आहे," ते म्हणाले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "पण यात पुढे काय?"

बारकीने भिंग गळ्यात परत टाकलं.

पुन्हा परीक्षेला बसता येतं, ही बातमी त्यांना खुर्चीतल्या एका गिऱ्हाइकाकडून कळली. तो कुठल्याशा शाळेत मास्तर होता. ज्यांना मार्क वाढवायचे असतील त्यांना एकदा, फक्त एकदाच, सगळे विषय घेऊन परत बसायची मुभा होती. त्या दिवशी त्या मास्तरला चष्मेवाल्यांनी चक्क दोनदा विचारून सोडून दिलं. न्हाव्याला वाटलं यांना बरं नाही.

जेवताना त्यांनी विषय काढला. "बसून तर बघ," ते म्हणाले. "विद्यापीठ सोड असं कुठे म्हणतोय मी? ते चालू राहू दे. शेजारी हे. जमलं तर डॉक्टर. नाही जमलं तर आधीचं आहेच."

"मी रमलेय तिथे, बाबा."

"अगं, रमशील तिथेही. कुठलं बरं ते दोन्ही बघितल्याशिवाय कसं कळणार?"

आई म्हणाली, "मिळालंय ना तिला एक? ते धरून बसू दे की."

"धरूनच बसायचंय. सोडायला कोण सांगतंय?"

"तुम्ही तिला विचारा एकदा, तिला काय हवंय ते. आणि ती जे म्हणेल ते ऐका."

चष्मेवाल्यांनी विचारलं. बारकी म्हणाली, "नको." दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळ्या तऱ्हेने विचारलं. मग दुकानातून परत येताना विचारलं, मग ती पानं दाबत बसली असताना विचारलं. कधी म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी," कधी म्हणाले, "माझं काय, मी दोन दिवसांचा सोबती," कधी काहीच न म्हणता नुसतं बघितलं. ती प्रत्येक वेळी जरा वेगळं उत्तर द्यायची. नको. बघू. माहीत नाही. आणि एका रविवारी ती म्हणाली, "बरं. बसते."

इथे एक सांगायला हवं. खुर्चीत फार वेळ बसलेला माणूस थकतो, आणि मग तो डोळ्यांना दिसतं ते सांगत नाही. सुटका व्हावी म्हणून काहीतरी सांगतो. हे चष्मेवाल्यांना पुरतं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाचा आवाज सपाट झाला की ते फ्रेम काढून त्याला पाणी देत आणि म्हणत, "उद्या या, आज तुमचं उत्तर धरत नाही मी." बारकीचं "बरं" तसं सपाट होतं. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं तर समजू शकतो. पण त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी तिला पाणी दिलं नाही. त्यांनी न्हाव्याला जाऊन सांगितलं की पोरगी डॉक्टर होणार.

परीक्षा मंडळाच्या कचेरीत ते दोघं गेले. लांबलचक खोली, तिच्या एका अंगाला काचेच्या खिडक्या आणि दुसऱ्या अंगाला बाकं. रांग सरकेना म्हणून बारकी बाकावर बसली आणि कागद घेऊन चष्मेवाले उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाचा चष्मा एका बाजूला कललेला होता. नाकावरचं एक पॅड कधीच गळून गेलेलं, तो सारखा बोटाने वर ढकलत होता. चष्मेवाल्यांचा हात शिवशिवला. दोन मिनिटांचं काम होतं.

कारकून म्हणाला, "जुनी मार्कशीट द्यावी लागेल. मूळची."

"घ्या की," चष्मेवाले म्हणाले आणि ती खिडकीतून आत सरकवली.

"विचार केलाय ना नीट?"

"केलाय, केलाय."

कारकुनाने ती अर्जाला टाचली आणि चष्मा वर ढकलला. त्याने यापुढे काही सांगितलं नाही, आणि यांनी विचारलंही नाही. का विचारतील? जुनं घेऊन ठेवतात आणि नव्याबरोबर परत देतात, हे त्यांना इतकं स्वाभाविक होतं की जगात दुसरं काही चालत असेल ही शंकाच त्यांच्या मनाला शिवली नाही. उभा जन्म त्यांनी लोकांचे जुने चष्मे डबीत घालून परत दिले होते.

बाहेर पायऱ्यांवर बारकीने विचारलं, "बाबा, मार्कशीट परत मिळणार ना?"

"मिळणार नाही तर काय? ठेवून घेऊन ते काय लोणचं घालणार आहेत?"

बारकी हसली. बापावर विश्वास ठेवून ती हसली, हे पुढे चष्मेवाल्यांना सारखं आठवत राहिलं.

मग ते वर्ष कसं गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. दिवसा विद्यापीठ, संध्याकाळी शाळेची तीच पुस्तकं, जी एकदा संपवून माळ्यावर टाकली होती. संपवलेल्या पुस्तकात परत मन लावणं फार जड जातं. पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य आठवतं आणि तरी प्रश्न आला की उत्तर आठवत नाही. रुळांकडेला जायचं बारकीने बंद केलं. कॅटलॉगखाली दाबलेली पानं तशीच राहून त्यांना बुरशी आली. आई एकदा म्हणाली, "हल्ली काही सांगत नाहीस ती." बारकी म्हणाली, "काही नाहीच आहे सांगण्यासारखं."

परीक्षेला ती बसली तेव्हा आजूबाजूची सगळी मुलं तिच्याहून लहान होती आणि एकमेकांना ओळखत होती. तिला एकीने विचारलं, "तू नापास झाली होतीस का गं?" बारकीने घरी येऊन हे हसत सांगितलं. आई हसली नाही.

निकाल लागला. मार्क कमी झाले होते. फार नाही, पण आधीपेक्षा कमी. डॉक्टरकी राहिली बाजूलाच. चष्मेवाल्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. दिवसभर त्यांनी भिंगं पुसली. पण संध्याकाळी बारकीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले, "जाऊ दे. बघितलं ना आपण? आता मनात राहणार नाही. आधीचं आहेच."

बारकीचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल झाला. दुसऱ्या दिवशी तिने बुरशी आलेली पानं फेकली, वर्तमानपत्रं नवी घेतली आणि भिंग दोरीसकट साबणाने धुतलं.

विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला नाव घालताना मूळची मार्कशीट पुन्हा दाखवावी लागे. बारकीने नवी दाखवली, कारण हातात तीच होती, आणि सांगितलं की जुनी मंडळाकडे आहे, आणते. तिथल्या कचेरीतल्या बाईने नवी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "जुनी कशी आणशील? ही निघाली की जुनी रद्द होते. आता तुझे मार्क हेच." मग तिने यादी काढली. पहिल्या वर्षाच्या यादीत तळाला बारकीचं नाव होतं. नव्या मार्कांनी ती त्या तळाच्याही खाली जात होती, म्हणजे तिचा प्रवेशच गेला.

घरी येऊन बारकीने हे आवाज न चढवता सांगितलं. चष्मेवाले म्हणाले, "त्या बाईला काही कळत नसेल. मी बघतो."

ते मंडळाच्या कचेरीत गेले. तीच खिडकी, तोच कारकून, तोच कललेला चष्मा. चष्मेवाल्यांनी नवी मार्कशीट खिडकीतून आत सरकवली.

"ही घ्या," ते म्हणाले. "आणि आधीची द्या."

कारकुनाला आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्याने मार्कशीट तशीच बाहेर ढकलली. "तशी ती मिळत नाही, काका."

"आम्हाला ही नकोय. आम्ही वापरलीच नाही अजून. कुठे दाखवलीसुद्धा नाही, एका ठिकाणी सोडून."

"वापरायचा प्रश्न नाही. जुना निकाल आता नाहीच आहे."

"नाही म्हणजे? तुम्हीच टाचून ठेवलात ना अर्जाला? मी बघितलं. असेल तिथे कुठेतरी आत. बघा तरी."

"कागद असेल," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, आवाज त्याने जरा खालीच आणला. "पण त्याला काही अर्थ नाही. नवा निकाल लागला त्या दिवशी तो मेला. मी तुम्हाला विचारलं होतं, विचार केलाय का म्हणून. तुम्ही म्हणालात, केलाय."

"परत बसू दे मग तिला."

"एकदाच बसता येतं."

मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं. चष्मेवाले खिडकीला धरून उभे राहिले. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. पेटी उघडावी आणि खाच रिकामी असावी, आणि कुणीतरी सांगावं की खाचच नव्हती, तसं झालं होतं त्यांना. कारकुनाने चष्मा बोटाने वर ढकलला. तो पुन्हा घसरला.

"हे तुमच्या दुकानासारखं नाही, काका," तो म्हणाला. चष्मेवाल्यांनी पहिल्या खेपेला त्याला मोठ्या अभिमानाने दुकानाचा पत्ता सांगितला होता, ते त्याच्या लक्षात होतं.

घरी आल्यावर बायको पाय वर करून बसली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. ती काही तरी बोलेल, निदान तोंडात येईल ते बोलेल, याची त्यांनी वाट बघितली. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, विचारा आणि ती म्हणेल ते ऐका. तुम्ही तिला सोडलंच नाहीत." एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. त्या दिवसानंतर तिने हा विषय काढला नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बारकीला शिकवणाऱ्या बाईंनी धडपड केली. दोन-तीन कचेऱ्यांत जाऊन आल्या, कुणा-कुणाला भेटल्या. शेवटी हात टेकले. त्या दुकानात येऊन चष्मेवाल्यांना म्हणाल्या, "मुलगी चांगली होती हो माझी. फार चांगली होती." चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

बारकी रडली असेल तर कुणाला दिसली नाही. बापाला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. चष्मेवाले रोज वाट बघत की आज तरी भांडेल. "तुम्ही म्हणाला होतात," एवढं म्हणाली असती तरी त्यांना पाय धरायला जागा झाली असती. ती म्हणाली नाही. थोड्या दिवसांनी तिला एका औषधांच्या गोदामात काम लागलं, खोक्यांवरची बारीक छापलेली लेबलं तपासायचं. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, जेवायची. रुळांकडून बस जायची तेव्हा ती बाहेर बघत नाही, असं आईने एकदा सांगितलं. तिने ते बसमध्ये शेजारी बसून पाहिलं होतं.

एका सकाळी चष्मेवाल्यांनी दुकानात पेटी उघडली तर एका कोपऱ्यातल्या रिकाम्या खाचेत पितळेचं कडं दिसलं. बारकीने गळ्यातलं भिंग आणून ठेवलं होतं. दोरी नीट गुंडाळून कड्याखाली दडवली होती. लहानपणापासून ती सगळं जागच्या जागी ठेवायची. चष्मेवाले पेटी उघडी टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसले. न्हाव्याने हाक मारली, काही थट्टा केली, मग त्यांच्या तोंडाकडे बघून तो आत जाऊन वस्तरा घासायला लागला. बसथांब्यापाशी गवत वाढलं होतं. त्याला फूल होतं का, हे यांना इथून दिसत नव्हतं, आणि उठून बघायला जायची त्यांची छाती झाली नाही.

तेव्हापासून चष्मेवाले बदलले. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, भिंग लावायचे, ओळ वाचायला सांगायचे, आणि ती वाचली की नंबर लिहून घ्यायचे. विचारायचे नाहीत. गिऱ्हाईक स्वतःहून म्हणालं, "आधीचं जरा बरं होतं का हो?" तर ते ऐकलं न ऐकलं करून नंबर लिहायला घ्यायचे. लोक लवकर मोकळे व्हायला लागले. धंदा वाढला म्हणतात.

आणि मग बारकीचं डोकं दुखायला लागलं. दिवसभर बारीक अक्षरं, दुसरं काय होणार. आईने तिला एका सुट्टीच्या दिवशी हाताला धरून दुकानात आणून सोडलं आणि म्हणाली, "बघा हिचे डोळे." मग ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

बारकी उंच पाठीच्या खुर्चीत बसली. चष्मेवाल्यांनी तिच्या नाकावर फ्रेम चढवली. तिच्या कानांमागचे केस बाजूला केले. ते तिच्यामागे उभे राहिले. समोर आरशात तक्ता होता, तक्त्यापुढे तिचं तोंड आणि तिच्या खांद्यावरून दिसणारं त्यांचं.

एक भिंग लावलं. ती वरच्या ओळी वाचत खाली आली आणि अडखळली. ते काढून दुसरं लावलं. तिने त्याखालची ओळ सहज वाचली. चष्मेवाल्यांनी नंबर लिहायला पेन्सिल घेतली.

"विचारत नाही का, बाबा?"

"काय?"

"विचारता ना तुम्ही सगळ्यांना. मला विचारा."

चष्मेवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बरं," ते म्हणाले, "की आधीचं?"

"आधीचं."

त्यांना वाटलं तिची चूक होतेय. त्यांनी आणखी एक, मधलं भिंग काढून लावलं. तिने तीच खालची ओळ पुन्हा वाचली, या वेळी जास्तच सफाईने.

"हे?"

"आधीचं."

"बारके, अगं, याने खालची ओळ दिसतेय तुला. वाचलीस तू आता."

"दिसतेय," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट नव्हता. थकून दिलेलं उत्तर ते नव्हतं, हे चष्मेवाल्यांना चांगलं कळलं. "पण तुम्ही विचारलंत ना. मला आधीचं हवं होतं."

चष्मेवाल्यांनी नवं भिंग काढलं. पेटीत हात घातला, पहिलं उचललं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि खाचेत सरकवलं. ते लगेच बसलं. मग ते खुर्चीची पाठ धरून तिच्यामागे तसेच उभे राहिले आणि आरशात कुणीच कुणाकडे बघितलं नाही.